घरच्या आगगाडीसाठीं शंटिंगचें इंजिन

नातेपुत्यास आगगाडी नाहीं. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून पंढरपुरास जातांना फलटण, बरड असे मुक्काम करीत नातेपुत्यास येते आणि पुढें माळशिरसची वाट धरते. त्या वाटेच्या एका टोकास फलटण व दुसऱ्या टोकास पंढरपूर हीं दोन्ही गांवें लोहमार्गावर आहेत. लोणंदहून फलटणपर्यंतचा मार्ग २०१९ सालीं वाहता झाला. पंढरपुरास तर आगगाडी येऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. मधल्या टप्प्यांत मात्र रूळ नाहींत. फलटण-पंढरपूर मार्गाची मागणी इतकी जुनी आहे कीं तिच्याविषयीं बोलतांना म्हातारीं माणसें नुसतीं हंसतात. ज्या गांवीं खरी आगगाडी पोंचली नाहीं, तेथील एखाद्या घरांत खेळण्यांतली आगगाडी आधीं पोंचली, तर त्यांत नवल कसलें?

असें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. खालीं शेतीच्या औषधांचें दुकान, वर राहाती जागा. घरांत आजोबा, आईबाप, बारा वर्षांची मुलगी व नऊ वर्षांचा मुलगा. माडीवरच्या खोलींत पांच फूट लांब व अडीच फूट रुंद अशी एक प्लायवुडची फळी घोडीवर ठेवलेली आहे. तीवर रूळ मांडावयाचे आहेत. उसाचें बिल हातीं आलें म्हणजे त्यांतून कांहीं रक्कम या खेळासाठीं बाजूस काढावयाची, असें वडिलांनीं कबूल केलें आहे. ही रक्कम मोठी नाहीं, आणि ती पुन्हां वर्षभर मिळावयाची नाहीं. तेव्हां पहिलें इंजिन कोणतें घ्यावें हा प्रश्न त्या घरापुरता लहान नव्हे. निवड चुकली तर खोकें माळ्यावर जाईल, आणि मुलांच्या मनांतून आगगाडीहि उतरेल.

अशा वेळीं पहिला मोह ठरलेलाच असतो. लांबलचक प्रवासी गाडी, पुढें मोठें देखणें इंजिन, आणि फळीवर लंबवर्तुळाकार रूळ. खोक्यावरील चित्रांत तें शोभतें. परंतु ह्या मापाच्या खेळांत सर्वांत आंखूड वळणाची त्रिज्या सुमारें छत्तीस सेंटिमीटर असते. म्हणजे नुसतें अर्धवर्तुळ घेण्यासच रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत बहात्तर सेंटिमीटर रुंदी लागते. अडीच फूट म्हणजे शहात्तर सेंटिमीटर. दोन्ही कडांस दोनदोन सेंटिमीटर उरले! त्या वळणावर लांब डबे मध्यभागीं आंत झुकतात, टोकांशीं बाहेर लोंबतात, आणि सहा आंसांचें इंजिन एक तर कुरकुरतें, नाहीं तर रूळ सोडून थेट फरशीवर येतें. तें आलें नाहीं असें समजलें तरी पुढें काय? गाडी फिरते, फिरते आणि फिरते. पहिल्या दिवशीं सारें घर भोंवतीं जमतें, तिसऱ्या दिवशीं एकटा धाकटा बसलेला असतो, आणि आठव्या दिवशीं तोहि नसतो. ज्या खेळांत एक कळ फिरविली कीं दुसरें कांहीं करावयाचें उरत नाहीं, त्या खेळांत घरांतील पांच माणसांनीं करावें तरी काय?

येथेंच शंटिंगच्या इंजिनाचें काम सुरू होतें. खऱ्या रेल्वेंत प्रवाशाचें लक्ष मेल एक्स्प्रेसच्या इंजिनाकडे जातें. यार्डांतल्या कडेच्या रुळांवर चार वाघिणी पुढें ढकलणारें, दोन मागें ओढणारें, मध्येंच थांबून शिट्टी देणारें बुटकें इंजिन त्याच्या खिजगणतींत नसतें. पण मालगाडी तयार होते ती त्याच्याच जोरावर. कोणती वाघीण कोणत्या धक्क्याला लावावयाची, कोणती आधीं सुटावयाची, कोणती मध्यें अडकून पडली आहे, हें सारें त्याला सोडवावें लागतें. सांधेवाल्यानें सांधा फिरवावयाचा, शंटरनें हात दाखवावयाचा, ड्रायव्हरनें बोटभर पुढें यावयाचें. ह्या कामास वेगाचा उपयोग नाहीं. हवा तो अंदाज. आणि तें एकट्याचें काम कधींच नसतें, म्हणूनच तें कुटुंबाच्या खेळास योग्य.

हिंदुस्थानांत ह्या कामासाठीं आलेल्या इंजिनांची वंशावळ लहान मुलांस सांगण्यासारखी आहे. १९४४-४५ च्या सुमारास अमेरिकेंतून डीझेल-विजेचीं कांहीं शंटिंग इंजिनें आलीं. मोठ्या रुळांवर डीझेल येथें रुजलें तें ह्या हलक्या कामापासून. पुढें १९५४-५५ मध्यें जर्मनींतील क्राउस-माफाय कंपनीचीं जोडदांड्यांचीं आठ चाकी इंजिनें आलीं. त्यानंतर चित्तरंजनच्या कारखान्यांत ‘डब्ल्यू. डी. एस. ४’ हीं सहा चाकी इंजिनें घडूं लागलीं. त्यांचींहि चाकें बाहेरून दांड्यांनीं जोडलेलीं असल्यामुळें तीं चालूं लागलीं म्हणजे जुन्या वाफेच्या इंजिनाप्रमाणें दांड्यांची हालचाल दिसते. त्याहून थोर ‘डब्ल्यू. डी. एस. ६’, त्याला सहा आंस असतात. कधीं कधीं मोठ्या घराण्यांतल्यांनाहि उतारवयांत हें काम पत्करावें लागतें. बोरघाटांत मालगाड्या ओढणारीं, लांब नाकाचीं, ‘खेकडा’ या नांवानें ओळखलीं जाणारीं विजेचीं इंजिनें अखेरच्या वर्षांत मुंबईंत डबे हलवितांना दिसत असत. त्यांस कमीपणा आला असें मात्र कोणी समजूं नये. यार्डांत त्यांचा दरारा कायम होता.

आतां ही जात फळीवर आणली म्हणजे खेळ कसा बदलतो तें पाहावें. ॲलन राइट नांवाच्या एका इंग्रज छांदिष्टानें अगदीं थोड्या जागेसाठीं एक मांडणी शोधून काढली; इंग्रजींत तिला ‘इंगलनुक सायडिंग्ज’ म्हणतात. तींत तीन कडेचे रूळ असतात. एकावर पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकीं तीन. हे तिन्ही रूळ दोन सांध्यांनीं एका आंखूड रुळास मिळतात, आणि त्या रुळावर इंजिन व तीनच वाघिणी उभ्या राहूं शकतात. वाघिणी एकंदर आठ. आठ चिठ्ठ्या टोपींत घालून पांच काढावयाच्या, आणि ज्या क्रमानें त्या निघाल्या त्याच क्रमानें त्या पांच वाघिणी लांब रुळावर उभ्या करावयाच्या. बस्स, इतकाच खेळ. परंतु आठांतून पांच वाघिणी क्रमवार निवडण्याचे प्रकार ६,७२० होतात. दररोज एक डाव मांडला तरी अठरा वर्षांत ते संपत नाहींत. नऊ वर्षांच्या मुलाचें लग्न ठरावयाची वेळ येईल, तरी कांहीं डाव शिल्लक राहातील!

ह्या मांडणीस पूर्ण वर्तुळ लागत नाहीं, म्हणून वळणाची अडचण नाहीं. चार चाकी वाघीण सुमारें दहा सेंटिमीटर लांब धरली, तर पांच वाघिणींस पन्नास, इंजिन व तीन वाघिणी यांस बेचाळीस-पंचेचाळीस, आणि दोन सांध्यांस मिळून पस्तीस ते चाळीस सेंटिमीटर पुरतात. पांच फुटांच्या फळीवर हें बसतें आणि कडेस मालधक्का, एक गोदाम व दोन लिंबाचीं झाडें यांनाहि जागा उरते. सांधे एकीकडे धाकट्याच्या हातीं, इंजिन थोरलीच्या हातीं, चिठ्ठ्या आजोबांच्या टोपींत. आई हिशेब ठेवते कीं किती हालचालींत डाव सुटला. कालच्यापेक्षां आज दोन हालचाली कमी लागल्या, यावर त्या माडींत जेवणाची वेळ टळावी इतकें भांडण होऊं शकतें.

मात्र एक अट आहे. ह्या खेळांत इंजिनास क्षणोक्षणीं थांबावें, निघावें, परतावें लागतें. तें जर झटक्यानें सुटलें, मध्येंच अडलें, किंवा सांध्यावर मेल्यासारखें उभें राहिलें, तर सारा डाव नासतो. वर्तुळांत धांवणाऱ्या इंजिनाचे दोष त्याच्या वेगांत लपतात; शंटिंगच्या इंजिनास दोष लपविण्यास जागाच नसते. म्हणून तें घेतांना पैसा थोडा असो कीं फार, पारख कडक पाहिजे.

पण पारखीच्या आधीं मापाचा प्रश्न येतो, आणि त्या घरांत खरा वाद तेथेंच होणार. आजोबांना ‘आपली’ गाडी हवी असते. त्यांच्या तरुणपणीं पंढरपुराहून कुर्डुवाडीस जावयाचें तें बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून. छोटी गाडी खडखडत कुर्डुवाडीस येई, तेथें उतरून मोठ्या गाडीनें सोलापूर गांठावयाचें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनीअरानें अडीच फूट रुंदीची ती लाइन बांधली. बार्शी रोड, म्हणजेच आतांचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंतचा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला. १९०६ मध्यें ती पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास आणि १९२७ मध्यें मिरजेस पोंचली. एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, पण तो भार इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्व आंसांवर सारखा वांटावयाचा, हें कॅलथ्रॉपचें सूत्र होतें. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि भरपूर माल वाहातां येई. १९५४ मध्यें ही लाइन सरकारकडे आली आणि पुढें टप्प्याटप्प्यानें तिचे रूळ रुंद करण्यांत आले. २०१० पर्यंत मिरजेकडचा भागहि मोठ्या मापाचा झाला. लहान लाइन व मोठी लाइन यांची गांठ कुर्डुवाडीस पडत असल्यामुळें एका वाघिणींतला माल दुसरींत हमालांच्या पाठीवरून जाई. शंटिंगच्या खेळासाठीं याहून चांगलें स्टेशन सबंध जिल्ह्यांत सांपडावयाचें नाहीं.

आजोबांची हौस रास्त आहे. पण गणित काय म्हणतें? जगांत सर्वांत अधिक चालणारें माप ‘एच्. ओ.’ होय. त्यांत प्रत्येक वस्तु मूळच्या ८७ पट लहान असते, आणि रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर. तें युरोप-अमेरिकेंतील १,४३५ मिलिमीटरच्या रुळांशीं बरोबर जुळतें. आपला मोठा रूळ १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ नें भागलें तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे तयार रूळ पावणेतीन मिलिमीटरनें अरुंद पडतो. हिंदुस्थानी इंजिनाची हुबेहूब प्रतिकृति त्या रुळांवर ठेवली तर जाणत्यास ती रुंद अंगाच्या माणसाला आंखूड पाय लावल्यासारखी दिसते. उलट बार्शी लाइनीचा ७६२ मिलिमीटरचा रूळ ८७ नें भागला तर आठ पूर्णांक शहात्तर शतांश येतात. आणि बाजारांत ‘एन्’ मापाचा जो तयार रूळ मिळतो तो नऊ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरहि फरक पडत नाहीं! ह्याच मेळावर युरोपांतील लोक डोंगरी छोट्या गाड्यांच्या प्रतिकृति करतात. म्हणजे हिशेबानें पाहतां ज्याची थोरवी अधिक तो मोठा रूळ जुळत नाहीं, आणि आजोबांची मोडीत निघालेली छोटी लाइन मात्र चपखल बसते.

असें असलें तरी पहिलें इंजिन त्या मापाचें घेऊं नये, हेंच म्हणणें अधिक शहाणपणाचें. बार्शी लाइनीचें इंजिन दुकानांत तयार मिळेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. दुसऱ्या एखाद्या इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर स्वतः देह रचावा लागतो. तें काम सुरेख आहे, पण तें दुसऱ्या वर्षीचें. शिवाय नऊ मिलिमीटरच्या रुळांवरचीं चाकें इतकीं बारीक असतात कीं माणदेशाच्या कडेला वसलेल्या ह्या कोरड्या मुलखांतील चैत्र-वैशाखाचा धुरळा त्यांस दोन दिवसांत अडवितो. नवशिक्या हातांस साडेसोळा मिलिमीटरचा रूळच बरा. गाडीचें माप थोडें चुकलें तरी चालेल; गाडी मात्र चालली पाहिजे. आजोबांची समजूत घालण्यास फळीवरील स्टेशनाला ‘कुर्डुवाडी’ अशी पाटी लावावी. पाटीला माप लागत नाहीं.

मग बाजारांत काय पाहावें? इंग्लंडच्या रेल्वेचें सहा चाकी डीझेल शंटर, ज्याला ते ‘क्लास ०८’ म्हणतात, तें १९५२ ते १९६२ या काळांत ९९६ इतक्या संख्येनें बांधलें गेलें. त्याचीं चाकेंहि बाहेरून दांड्यांनीं जोडलेलीं आहेत, आणि त्याच्या प्रतिकृति हॉर्नबी व बॅकमन या दोन्ही कंपन्यांनीं काढलेल्या आहेत. त्यांचें प्रमाण ७६ पटींचें असलें तरी रूळ तोच साडेसोळा मिलिमीटरचा. लांबी सुमारें बारा सेंटिमीटर. आपल्या चित्तरंजनच्या सहा चाकी इंजिनाचा भास होण्यास निळा किंवा लाल रंग व थोडी कल्पना एवढें पुरतें. अमेरिकन पद्धतीचें हवें असेल तर जनरल इलेक्ट्रिकचें ४४ टनी इंजिन आहे. मध्यभागीं ड्रायव्हरची खोली, दोन्हीकडे सारखींच नाकें. तें ४४ टनांचेंच कां, याची हकीकत गमतीची आहे. चाकांवर ९०,००० पौंडांहून अधिक भार असलेल्या इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमनहि ठेवला पाहिजे, असा करार १९३७ सालीं तेथील रेल्वे व कामगार यांच्यांत झाला. म्हणून कारखानदारांनीं ८८,००० पौंडांचें, म्हणजे अमेरिकन मापाच्या ४४ टनांचें इंजिन काढलें, आणि एका माणसाचा पगार वांचविला. हिशेबी दुकानदाराच्या घरांत ही गोष्ट नीट समजेल.

खेळाच्या दृष्टीनें ह्या दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. सहा चाकी इंजिन आंखूड. त्याचीं चाकें एकमेकांजवळ असतात. चार आंसांचें ४४ टनी इंजिन दोन बोगींवर उभें असल्यामुळें रुळाला त्याची आठ चाकें आठ ठिकाणीं टेकतात. वीज रुळांतूनच येते. सांध्यांत जेथें एक रूळ दुसऱ्यास छेदतो तेथें स्वस्त सांध्यांना प्लॅस्टिकचा तुकडा असतो. त्यावर आलेल्या चाकाला वीज मिळत नाहीं. आठ चाकांपैकीं एक-दोन अशीं उपाशी राहिलीं तरी बाकीचीं इंजिन पुढें नेतात. फक्त चार चाकांनीं वीज घेणारें इंजिन मात्र नेमकें तेथेंच थबकतें. मग कोणी तरी बोट पुढें करून त्यास ढकलतो, आणि एकदां बोट पुढें झालें कीं खेळाची अब्रू गेली. तेव्हां विकणाऱ्यास पहिला प्रश्न हाच करावा कीं, किती चाकें वीज घेतात? ‘सर्व’ हें एकच उत्तर मान्य करावें. कांहीं इंजिनांच्या एकदोन चाकांवर पकड यावी म्हणून रबराची पट्टी चढविलेली असते. त्या चाकांना वीज घेतां येत नाहीं, हेंहि ध्यानीं धरावें.

दुसरी परीक्षा सावकाशीची. दुकानदार इंजिन नेहमीं भरधाव चालवून दाखवितो. तें पाहूं नये. अगदीं मंद चालवून दाखविण्यास सांगावें. एका मिनिटांत एक हातभर रूळ चालून जाईल इतकें मंद, न थबकतां, न धक्का देतां, पुढें आणि मागें सारखेंच. माल परगांवाहून मागवावयाचा असेल तर तसें चलच्चित्र पाठविण्याची विनंति करावी. प्रामाणिक विक्रेता तें पाठवितो, आणि न पाठविणाऱ्याची पारख आपोआप होते. ही मंदगति येते ती चांगल्या मोटारीमुळें व गिअरच्या योग्य प्रमाणामुळें. आंत फ्लायव्हील नांवाचें जड चक्र असलें तर वीज क्षणभर तुटली तरी इंजिन पुढें सरकतें. लहान इंजिनांत त्याला जागा नसते, म्हणून आजकाल कांहींत वीज सांठविणारा लहानसा कपॅसिटर बसवितात. इंजिन हातांत घेऊन त्याचें वजनहि पाहावें. हलकें इंजिन पांच वाघिणी ढकलतांना जागच्या जागीं चाकें फिरवितें.

तिसरी गोष्ट जोडणीची, आणि घरोघरीं पैसे वायां जातात ते बहुधा येथें. इंग्लंडच्या गाड्यांचा आंकडा एक तऱ्हेचा, युरोपच्या खंडांतल्यांचा दुसऱ्या तऱ्हेचा, अमेरिकेचा तिसऱ्या. ते एकमेकांत अडकत नाहींत. स्वस्त मिळालें म्हणून अमेरिकन इंजिन घेतलें आणि वाघिणी इंग्रजी आल्या, कीं दोघांची सोयरीक जुळत नाहीं! शंटिंगच्या डावांत वाघिणी मिनिटामिनिटास जोडाव्या-सोडाव्या लागतात. त्या हात न लावतां सुटाव्यात यासाठीं रुळांखालीं लोहचुंबक ठेवून चालणारे अमेरिकन पद्धतीचे आंकडे सर्वांत सोयीचे. कोणतेहि घ्यावेत, पण इंजिन आणि आठहि वाघिणी एकाच पद्धतीच्या असाव्यात. इंजिनाचा भाव पाहातांना आठ वाघिणींचा व दोन सांध्यांचा भाव त्यांत मिळवूनच बेत करावा.

एक घ्यावें कीं दोन, हा प्रश्न मुलें विचारणारच. जुन्या सरळ विजेच्या पद्धतींत कंट्रोलर रुळांस वीज देतो, इंजिनास नव्हे. म्हणून एका रुळावर दोन इंजिनें ठेवलीं तर दोन्ही एकदमच चालूं लागतात, आणि त्यांना वेगळीं ठेवण्यास रुळाचे तुकडे पाडून मध्यें बटणें बसवावीं लागतात. १९९० नंतर रूढ झालेल्या डी. सी. सी. पद्धतींत प्रत्येक इंजिनाच्या पोटांत एक लहानसें यंत्र असतें व त्याला स्वतःचा क्रमांक असतो. कंट्रोलरनें तीन नंबरास हुकूम केला कीं तीन नंबरच हलतें. बहीण-भाऊ दोघांना एकाच फळीवर इंजिनें चालवावयाचीं असतील तर हीच पद्धत पाहिजे, पण तिचा कंट्रोलर महाग असतो. मध्यम मार्ग असा कीं पहिल्या वर्षीं साधा कंट्रोलर घ्यावा. इंजिन मात्र असें निवडावें कीं त्यांत डी. सी. सी. चें यंत्र बसविण्याची खोबण तयारच असेल. ती खोबण नसलेल्या इंजिनांत तें पुढें बसविणें हें घड्याळजीचें काम होऊन बसतें. आणि कंट्रोलर अमेरिकेंतून आलेला असेल तर तो १२० व्होल्टांचा आहे कीं काय तें आधीं पाहावें. आपल्या भिंतींतील वीज २३० व्होल्टांची आहे. तो तसाच भिंतींत खोंचला तर खेळ सुरू होण्याच्या आधींच धूर निघेल, आणि तो इंजिनाचा नव्हे!

जुनें इंजिन कमी पैशांत मिळतें, आणि तें घेण्यास हरकत नाहीं. परंतु वर्षानुवर्षें खोक्यांत राहिलेल्या इंजिनाचें वंगण सुकून घट्ट होतें. तें साफ करून नवें द्यावें लागतें. चालतांना एकसारखा टिक्‌-टिक्‌ आवाज येत असेल तर आंतील प्लॅस्टिकचें दंतचक्र फुटलें आहे असें समजावें. तें मिळण्याची खात्री नसेल तर इंजिन कितीहि सुंदर असो, परत द्यावें. परदेशीं परत पाठविण्याचा खर्च मात्र कधीं कधीं इंजिनाच्या किंमतीस भिडतो, म्हणून हा आवाज पैसे देण्यापूर्वीं ऐकावा.

विकत घेण्याच्या आधीं एकदां सर्वांनीं पुण्यास जाऊन यावें. कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ च्या १ एप्रिलपासून लोकांसाठीं खुलें झालें. तेंहि ८७ पट लहान मापाचें. एका माणसाच्या हौसेंतून उभें राहिलेलें एक सबंध शहर तेथें दिव्यांनीं उजळतें आणि गाड्या सिग्नल पाळून धांवतात. मुलांना तेथें हेंहि दिसेल कीं इतक्या रुळांना किती पुसणें, किती जपणें लागत असेल. घरीं परतल्यावर रूळ पुसण्याची पाळी कोणाची, हें त्याच दिवशीं ठरवून टाकणें सोयीचें.

वर्षअखेर आली, उसाचें बिल जमा झालें, म्हणजे त्या घरांत यादी होईल. सर्व चाकांनीं वीज घेणारें एक आंखूड शंटिंग इंजिन, एकाच आंकड्याच्या आठ चार चाकी वाघिणी, दोन सांधे, साधा कंट्रोलर, वंगणाची लहान बाटली, रूळ पुसण्यास स्पिरिट व सुती फडकें. थोरली विचारील, ‘‘बाबा, दुसरें इंजिन कधीं?’’ वडील पुढच्या हंगामाकडे बोट दाखवितील. आजोबा तोंवर पुठ्ठ्याच्या पाटीवर जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘कुर्डुवाडी’ लिहीत बसलेले असतील, आणि धाकट्यानें त्यांच्या टोपींत आठ चिठ्ठ्या आधींच टाकून ठेवल्या असतील.